चार ओळींची दुरुस्ती आणि साडेअकरा आठवडे

६ जानेवारीला रात्री मी एका मुक्तस्रोत प्रकल्पाला, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही बघता-सुधारता येतो अशा प्रकल्पाला, चार ओळींची दुरुस्ती पाठवली. २८ मार्चला ती स्वीकारली गेली, तोवर त्या चारांपैकी एकही ओळ शिल्लक राहिली नव्हती. मधल्या साडेअकरा आठवड्यांत मी एक्सेप्शन (प्रोग्रॅम चालताना अडला की फेकली जाणारी चूक) हाताळायला आणि स्वयंचलित टेस्ट (कोड बरोबर चालतो का ते तपासणारा छोटा कोड) लिहायला शिकले. खरं तर दोन्ही विषय कोर्समध्ये होऊन गेले होते, त्यावरचे प्रश्नही मी बरोबर सोडवले होते. तरी स्वतःचा कोड अंगाशी येईपर्यंत त्यातलं काही आत उतरलं नव्हतं. ज्यांनी प्रोग्रॅमिंगसाठी नुकतीच पायथन ही भाषा हातात घेतलीय आणि लाल अक्षरं दिसली की ज्यांच्या पोटात गोळा येतो, त्यांच्यासाठी हे क्रमाने लिहून ठेवतेय. किती वेळ लागला तेही सांगते, कारण मला ते आधी कोणी सांगितलं नव्हतं.

तो प्रकल्प म्हणजे एक अगदी छोटं टूल आहे. वाचनगट आपल्या सभासदांच्या नोंदी सीएसव्ही फाइलीत, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या मजकुराच्या फाइलीत, ठेवतात: नाव, पुस्तक, नेल्याची तारीख, परतीची तारीख, वाचनाचे तास. महिनाअखेरीला हे टूल त्यांच्या बेरजा आणि सरासऱ्या काढून देतं. आमच्या गटाची फाइल माझ्याकडे असते. डिसेंबरची फाइल दिली आणि टूल मध्येच बंद पडलं. पडद्यावर वीसेक ओळींचा मजकूर आला. मी तो वाचलाच नाही; इतका मजकूर एकदम अंगावर आला की नजर आपोआप बाजूला जाते. शेवटची ओळ तेवढी लक्षात राहिली: ‘व्हॅल्यूएरर: कुड नॉट कन्व्हर्ट स्ट्रिंग टू फ्लोट’, आणि पुढे दोन अवतरणचिन्हं, मध्ये काहीच नाही. कोणीतरी तासांचा रकाना रिकामा सोडला होता.

मग मी काय केलं? एक ओळ वाचून तिच्यातले आकडे काढणारा सगळा भाग ट्रायमध्ये (‘करून बघ’) घातला, खाली नुसतं एक्सेप्ट (‘चूक आली तर’), त्याखाली पास (‘काही करू नकोस’). टूल पुन्हा चालवलं. न कुरकुरता शेवटपर्यंत गेलं, बेरीज छापली. इतका आनंद झाला की त्याच रात्री पुल रिक्वेस्ट, म्हणजे माझा बदल मूळ कोडमध्ये घ्या अशी विनंती, उघडली. तिथे एक ठरलेला तक्ता भरावा लागतो: बदल कशासाठी, कोणत्या तक्रारीशी संबंधित, बदलांच्या नोंदवहीत ओळ घातली का, टेस्ट जोडली का. शेवटच्या दोन चौकटी मी रिकाम्या ठेवल्या. चार ओळींसाठी टेस्ट कसली, असं तेव्हा वाटलं होतं.

उत्तर यायला अकरा दिवस लागले. पहिल्यांदाच पाठवत असाल तर हे आधीच मनाशी धरून ठेवा. असे प्रकल्प चालवणारी माणसं आपली कामं सांभाळून हे करतात, दोन आठवडे शांतता असली तर त्याचा अर्थ नकार असा नसतो. मी रोज पाच-सहा वेळा जाऊन बघत होते. उगाच.

१७ जानेवारीला उत्तर आलं. प्रकल्प सांभाळणाऱ्या बाईंनी आधी आभार मानले होते आणि मग तीन प्रश्न विचारले होते. तुम्ही वगळलेल्या ओळी किती, हे वापरणाऱ्याला कुठे कळतं? रिकाम्या तासांखेरीज आणखी कोणकोणत्या चुका इथे गिळल्या जातील? आणि सहा महिन्यांनी कोणी हा भाग बदलला आणि तो पुन्हा बिघडला, तर ते आपल्याला कशावरून समजेल?

सूर अतिशय सौम्य होता. तरीही मला लागलं. दोन दिवस मी ते पान उघडलंच नाही. तिसऱ्या दिवशी पहिल्या प्रश्नाचं उत्तर शोधायला बसले आणि डिसेंबरच्या फाइलीतल्या ओळी मोजल्या. २१४ होत्या. मग एक्सेप्टखाली पासच्या जागी मोजणी करणारी ओळ घातली. ३१ ओळी गळल्या होत्या. म्हणजे जो आकडा मी गटाला आनंदाने कळवला होता, त्यात सातातली एक नोंद धरलेलीच नव्हती.

त्या ३१ ओळी एकेक करून तपासल्या. १९ ठिकाणी तास रिकामे होते. ५ ठिकाणी कोणीतरी अक्षरात लिहिलं होतं, ‘दीड’, ‘अडीच’. राहिल्या ७. त्यांच्यात काहीही चुकलेलं नव्हतं: तास होते, तारखा होत्या, फक्त पुस्तक अजून परत आलेलं नव्हतं. याच ७ ओळी का गेल्या हे मला तासभर कळेना. शेवटी ट्राय काढून टाकलं आणि कोड तसाच चालवला, तेव्हा नेमएरर आली. परतीची तारीख रिकामी असेल तर काय करायचं ती वाट मीच लिहिली होती आणि तिथे व्हेरिएबलच्या नावात एक अक्षर चुकलं होतं. माझी स्वतःची टायपिंगची चूक माझ्याच एक्सेप्टने गिळली होती आणि मला तिचा पत्ता नव्हता.

त्या संध्याकाळी मला जे समजलं, ते पुढच्या सगळ्या आठवड्यांत पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या रूपांत समोर आलं. प्रोग्रॅम बंद पडतो तेव्हा निदान कळतं की काहीतरी बिघडलंय. चुकीचा आकडा मात्र शांतपणे छापला जातो आणि माणसं त्यावर विश्वास ठेवतात.

जानेवारीचे उरलेले दिवस मी एक्सेप्शनवरच घालवले. सुरुवात ट्रेसबॅक, म्हणजे प्रोग्रॅम बंद पडताना येणारा तो लांब मजकूर, वाचण्यापासून केली, आणि नवशिक्याने तिथूनच करावी असं माझं ठाम मत आहे. पायथनचा ट्रेसबॅक खालून वर वाचायचा. सगळ्यात खालची ओळ काय झालं ते सांगते, तिच्या वरची कुठे झालं ते, आणि जसजसं वर जावं तसतसं तिथवर कोणी बोलावलं ते कळतं. वीस ओळींतल्या पहिल्यांदा दोनच कामाच्या असतात. २०२२ साली आलेल्या पायथन ३.११ पासून ओळीतल्या नेमक्या कोणत्या तुकड्यात गडबड झाली त्याच्याखाली खुणाही येतात. जुनी आवृत्ती वापरत असाल तर एवढ्यासाठीसुद्धा नवी घ्यावी. मी एक वही केली आणि पंधरा दिवसांत दिसलेली प्रत्येक एरर हाताने उतरवली: नाव, शेवटची ओळ, खरं कारण. २३ नोंदी झाल्या. त्यातल्या जवळजवळ निम्म्या कीएरर (मागितलेलं नाव सापडत नाही) आणि टाइपएरर (भलत्याच प्रकारची माहिती दिली) होत्या. दहाव्या नोंदीनंतर त्या लाल मजकुराची भीती गेली.

मग नुसत्या एक्सेप्टचा प्रयोग. न थांबणारं एक लूप लिहिलं, त्यात ट्राय, त्याखाली नुसतं एक्सेप्ट आणि पास. चालवलं आणि कंट्रोल-सी दाबलं. थांबेना. पुन्हा दाबलं, थांबेना. शेवटी खिडकीच बंद करावी लागली. कारण असं, की कंट्रोल-सी दाबल्यावर पायथन कीबोर्डइंटरप्ट नावाचं एक्सेप्शनच फेकतं आणि नुसतं एक्सेप्ट तेही पकडतं. कीबोर्डइंटरप्ट आणि सिस्टिमएक्झिट ही दोन एक्सेप्शन मुद्दाम ‘एक्सेप्शन’ या वर्गाच्या बाहेर, थेट ‘बेसएक्सेप्शन’खाली ठेवली आहेत. ‘एक्सेप्ट एक्सेप्शन’ असं लिहिलं तर ती सुटून जातात. पण तेवढ्याने माझी नेमएरर सुटली नसती, कारण ती त्याच वर्गात येते. इलाज एकच: जी चूक अपेक्षित आहे तिचं नाव लिहायचं. मला व्हॅल्यूएरर अपेक्षित होती, तर ‘एक्सेप्ट व्हॅल्यूएरर’.

दुसरा धडा ट्रायच्या आकाराचा. माझ्या ट्रायमध्ये अकरा ओळी होत्या. त्यातल्या कोणत्या ओळीने व्हॅल्यूएरर फेकली हे एक्सेप्टला कळायला मार्ग नाही, कारण तारीख चुकली तरी व्हॅल्यूएररच येते. २९ फेब्रुवारी २०२३ अशी तारीख बनवायला जा, पायथन तीच फेकेल. आता मी ट्रायमध्ये जी ओळ फसू शकते तेवढीच ठेवते, एक किंवा फार तर दोन. सगळं नीट झालं तर पुढे जे करायचं ते एल्समध्ये. काहीही झालं तरी जे करायचंच ते फायनलीमध्ये. फाइल उघडायची असेल तर फायनलीची गरजही पडत नाही, विथ वापरलं की ती आपोआप बंद होते.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो पकडायचं कुठे या प्रश्नात. मी ट्राय सगळ्यात आत ठेवलं होतं, जिथे मजकुराचा आकडा होतो तिथे. पण त्या जागेला काय माहीत असतं? आपण कितव्या ओळीवर आहोत हेही तिला माहीत नसतं. ओळ वगळायची की सगळं थांबवायचं, हा निर्णय घ्यायची तिची पात्रताच नाही. सांभाळणाऱ्या बाईंना मी हे विचारलं तेव्हा त्यांनी एवढंच लिहिलं, की जिथे त्या चुकीचं काहीतरी करता येईल तिथे पकडा, त्याआधी वर जाऊ द्या. हे एक वाक्य मी आजही वापरते. आतल्या फंक्शनने रेझ करायचं, म्हणजे एक्सेप्शन फेकायचं, ‘तास: “दीड” हा आकडा नाही’ अशा स्पष्ट शब्दांत. वर जे फंक्शन फाइल ओळीओळीने वाचतं, त्याने ते पकडून ओळीचा क्रमांक जोडायचा, यादीत टाकायचं आणि पुढे जायचं. शेवटी टूल सांगणार: २१४ पैकी १९० ओळी घेतल्या, २४ वगळल्या, त्या या. माझी चूक दुरुस्त झाल्यावर त्या ७ ओळी परत आल्या होत्या, म्हणून १९०. आणि पकडलेल्या एक्सेप्शनमधून आपलं नवं फेकायचं असेल तर ‘रेझ … फ्रॉम …’ लिहावं, म्हणजे मूळ कारण ट्रेसबॅकमध्ये स्पष्ट दिसत राहतं.

याच काळात मी एरियान ५ बद्दल वाचलं. ४ जून १९९६ ला त्या रॉकेटचं पहिलंच उड्डाण झालं आणि चाळीसेक सेकंदांत ते फुटलं. दिशा सांभाळणाऱ्या यंत्रणेत ६४ बिटांची दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बसवली जात होती. त्या पूर्णांकात ३२,७६७ पेक्षा मोठं काही मावत नाही. संख्या मोठी आली, एक्सेप्शन फेकलं गेलं, आणि त्या जागी ते हाताळणारं कोणी नव्हतं. यंत्रणा बंद पडली. तोच कोड असलेली राखीव यंत्रणा त्याच्या क्षणभर आधीच बंद पडली होती. कोड एरियान ४ वरून घेतलेला होता, तिथे संख्या कधी एवढी मोठी होत नसे. आणि चौकशी समितीच्या अहवालात हेही आहे, की एरियान ५ च्या खऱ्या उड्डाणमार्गाचे आकडे देऊन त्या यंत्रणेची चाचणी झालीच नव्हती. हे वाचून मी बराच वेळ थांबले. माझ्या टूलला थांबून ओरडायची मुभा आहे. उडत्या रॉकेटला ती नाही. कुठे थांबायचं, कुठे सावरून पुढे जायचं हे प्रत्येक कामाचं निराळं असतं, आणि ते कोणीतरी बसून ठरवावं लागतं.

फेब्रुवारीत टेस्टकडे वळले. प्रकल्पात टेस्ट चालवायला पायटेस्ट नावाचं साधन वापरतात. ते मोफत आहे, बसवायला दोन मिनिटं लागली, आणि पहिली टेस्ट चालायला एक अख्खी संध्याकाळ. मी फाइलीचं नाव माझ्या मनाने ठेवलं होतं आणि पायटेस्ट दर वेळी सांगत होतं की एकही टेस्ट सापडली नाही. फाइलीचं नाव ‘टेस्ट_’ने सुरू व्हावं लागतं किंवा ‘_टेस्ट’ने संपावं लागतं, आणि आतल्या फंक्शनचं नाव ‘टेस्ट’ने सुरू व्हावं लागतं. अर्थात इंग्रजी अक्षरांत. नियम एवढाच, पण माहीत नसेल तर माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

पहिली टेस्ट अशी: इंग्रजी अंकांत लिहिलेला ‘१.५’ हा मजकूर दिला की दीड हा आकडा मिळाला पाहिजे. असर्ट, म्हणजे ‘हे खरं असलंच पाहिजे’ अशी ओळ, लिहिलं, चालवलं, हिरवा ठिपका. आनंद झाला, पण गिळलेल्या ७ ओळी आठवल्या. हा ठिपका खरा कशावरून? म्हणून मूळ कोड मुद्दाम बिघडवला, फंक्शनमधून शून्य परत केलं, आणि टेस्ट पुन्हा चालवली. लाल झाली. तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. तेव्हापासून प्रत्येक नवी टेस्ट मी एकदा तरी लाल झालेली बघते. या एका सवयीने माझ्या तीन टेस्ट पोकळ निघाल्या.

त्यातली एक इथे उलगडून सांगते, कारण ती चूक सगळ्यांच्या हातून होते. अमुक इनपुट दिलं की एक्सेप्शन आलंच पाहिजे, हे तपासायला पायटेस्टमध्ये ‘रेझेस’ आहे. विथ ब्लॉकमध्ये ते लिहायचं आणि आत फसणारी ओळ. मी फसणाऱ्या ओळीखाली, त्याच ब्लॉकमध्ये, वगळलेल्या ओळींची संख्या तपासणारं असर्ट लिहिलं होतं. ते कधी चालतच नव्हतं! वरच्या ओळीने एक्सेप्शन फेकलं की ब्लॉक तिथेच संपतो. असर्टमध्ये मी ९९९ लिहिलं, तरी टेस्ट हिरवी. ब्लॉकमध्ये फसणारी एकच ओळ ठेवायची, बाकी सगळं ब्लॉकच्या बाहेर. आणि रेझेसमध्येही मी आधी नुसतं ‘एक्सेप्शन’ लिहिलं होतं, म्हणजे फंक्शनचं नाव चुकून नेमएरर आली असती तरी टेस्ट पास झाली असती. जानेवारीतली चूक मी टेस्टमध्ये जशीच्या तशी पुन्हा केली होती. आता नेमकं नाव लिहिते, आणि ‘मॅच’ वापरून संदेशात रकान्याचं नाव आहे का तेही तपासते.

यानंतरचा आठवडा मला सगळ्यात आवडला. एकाच टेस्टला इनपुटांची यादी देता येते, त्याला पॅरामेट्राइझ म्हणतात. मी यादी करायला बसले: रिकामं, नुसती मोकळी जागा, ‘दीड’, ‘१,२००’ असा स्वल्पविराम, उणे आकडा, आणि मराठी अंकांत लिहिलेलं ‘१.५’. या शेवटच्या इनपुटाला एक्सेप्शन येणार अशी माझी खात्री होती. टेस्ट लाल झाली: एक्सेप्शन आलंच नाही. मजकुराचा दशांश आकडा करणारा पायथनचा फ्लोट देवनागरी अंक सरळ वाचतो आणि १.५ देतो! पूर्णांक करणारा इंटसुद्धा वाचतो. आमच्या गटातले निम्मे लोक मराठी अंकांत लिहितात आणि ते इतके दिवस बिनबोभाट चालत होतं, ते यामुळे. ती टेस्ट मी उलटी करून तशीच ठेवली, म्हणजे पुढे कोणी हे तोडलं तर कळेल.

दुसरं आश्चर्य मात्र सुखाचं नव्हतं. कोणाकोणाची फाइल दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅममधून जाऊन येते आणि तिथे रिकाम्या जागी ‘नॅन’ हा इंग्रजी शब्द पडतो, ‘संख्या नाही’ या अर्थाचा. तो फ्लोटला दिला तर व्हॅल्यूएरर येत नाही. ती वैध दशांश संख्या मानली जाते. एका ओळीत नॅन आलं की बेरीज नॅन, सरासरी नॅन. मी ‘तास शून्यापेक्षा कमी असतील तर रेझ’ अशी चौकी बसवली होती. नॅन तिच्यातूनही आरामात निघून गेलं, कारण नॅनशी केलेली लहान-मोठेपणाची कोणतीही तुलना खोटीच ठरते. शेवटी मॅथमधलं ‘इजफायनाइट’ वापरलं. त्यात नॅन आणि अनंत दोन्ही अडकतात. ही चूक मला नुसता कोड वाचून कधीही सापडली नसती. यादी करताना सापडली.

सरासरीच्या टेस्टने एक दुपार घेतली. ०.१ आणि ०.२ ची बेरीज संगणकात ०.३ च्या बरोबर होत नाही, शेपटीला एक सूक्ष्म अंश उरतो. पायटेस्टमधलं ‘अप्रॉक्स’ वापरलं की दहा लाखांत एक एवढा फरक चालवून घेतला जातो. विषय संपला.

२२ फेब्रुवारीला नवा कोड आणि १७ टेस्ट पाठवल्या. माझ्या संगणकावर सगळं हिरवं होतं. प्रकल्पाचा कोड जिथे ठेवलाय त्या गिटहब या संकेतस्थळावर मात्र ‘मंजुरीची प्रतीक्षा’ अशी पाटी. पहिल्यांदाच योगदान देणाऱ्याच्या टेस्ट तिथल्या यंत्रांवर आपोआप चालत नाहीत, प्रकल्पातल्या कोणीतरी परवानगी द्यावी लागते. आपलं काही चुकलंय असं समजून मी ती रिक्वेस्ट बंद करून पुन्हा उघडणार होते. तसं करू नका. थांबा. चार दिवसांनी परवानगी मिळाली.

टेस्ट तीन प्रकारच्या यंत्रांवर, प्रत्येकी पायथनच्या तीन आवृत्त्यांवर चालतात, म्हणजे नऊ चौकटी. लिनक्स आणि मॅकच्या सहा हिरव्या, विंडोजच्या तिन्ही लाल. तिथे दोनच टेस्ट फेल होत होत्या, दोन्ही जवळपास सारख्या: छोटी तात्पुरती फाइल बनवायची, तिच्यात एक मराठी नाव, ते नाव परत वाचून तपासायचं. एका फाइलीत ‘प्रिया’, दुसरीत ‘मीरा’. प्रियाच्या टेस्टमध्ये युनिकोडडीकोडएरर. मीराच्या टेस्टमध्ये एक्सेप्शन नाहीच. नाव वाचलं गेलं होतं, पण चार चिन्हांच्या जागी बारा चित्रविचित्र अक्षरं होती.

दोन दिवस यात गेले, आणि उत्तर मिळालं तेव्हा मी खुर्चीतून उठून खोलीत फेऱ्या मारल्या. फाइल मी यूटीएफ-८ मध्ये लिहिली होती, पण टूल ती उघडताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत, सांगतच नव्हतं. मग पायथन त्या यंत्राची नेहमीची पद्धत धरतं, आणि त्या विंडोज यंत्रांवर ती जुनी, एका बाइटला एक अक्षर अशी असते. मराठीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचं असतं. हलन्ताच्या चिन्हाचा तिसरा बाइट आहे ८डी, आणि त्या जुन्या पद्धतीच्या अक्षरतक्त्यात ८डीच्या जागी काहीच नाही. ‘प्रिया’तल्या जोडाक्षरात हलन्त आहे, म्हणून पायथन अडखळलं आणि ओरडलं. ‘मीरा’त जोडाक्षर नाही, तिच्या बाराही बाइटांना तक्त्यात कुठलं ना कुठलं अक्षर सापडलं, म्हणून ते काही न बोलता कचरा देऊन मोकळं झालं. एका जोडाक्षराचा फरक. टेस्टमध्ये नाव पडताळून बघणारं असर्ट नसतं, तर मीराची चूक कोणालाच दिसली नसती.

दुरुस्ती एका शब्दाची: फाइल उघडताना एन्कोडिंग लिहायचं. मी ‘यूटीएफ-८-सिग’ लिहिलं. काही प्रोग्रॅम फाइलीच्या अगदी सुरुवातीला एक अदृश्य खूण टाकतात, त्यामुळे पहिल्या रकान्याचं नाव बदलतं आणि समोर नाव दिसत असूनही कीएरर येते. ‘सिग’ लावलं की ती खूण असली काय, नसली काय, दोन्ही चालतं. १ मार्चला हे पाठवलं, पुन्हा मंजुरीची वाट, आणि ३ मार्चला नऊही चौकटी हिरव्या.

त्यानंतरचे साडेतीन आठवडे कागदोपत्री कामाचे म्हणावे लागतील. एन्कोडिंगचा बदल वेगळ्या रिक्वेस्टमध्ये काढा, कारण तो वेगळा विषय आहे. टेस्टची नावं अशी द्या, की फेल झाल्यावर नुसतं नाव वाचून काय मोडलं ते कळेल. माझी ‘टेस्ट_१’, ‘टेस्ट_२’ होती. बदलांच्या नोंदवहीत एक ओळ घाला. सतरातल्या दोन टेस्ट एकच गोष्ट तपासतायत, एक काढा. शेवटी सगळे कमिट, म्हणजे टप्प्याटप्प्याने नोंदलेले बदल, एकत्र करा. प्रत्येक फेरीनंतर चार-पाच दिवस थांबावं लागलं. कंटाळा आला होता, खोटं कशाला बोलू. पण प्रत्येक सूचनेनंतर कोड वाचायला सोपा होत गेला आणि ते मलाच दिसत होतं. माझ्या वहीप्रमाणे एकूण ४६ तास लागले. प्रत्यक्ष कोड लिहिण्यात त्यातले जेमतेम दहा, बाकी वाचण्यात, मोडून बघण्यात आणि शोधण्यात गेले.

२८ मार्चला सकाळी मर्ज झाल्याचा, म्हणजे बदल मूळ कोडमध्ये घेतल्याचा, निरोप आला. पहिलं काम म्हणजे डिसेंबरची फाइल पुन्हा चालवली आणि वगळलेल्या २४ ओळींची यादी गटावर टाकली. ‘ओळ ४७, तास: “दीड” हा आकडा नाही’, अशा २४. संध्याकाळपर्यंत २१ जणांनी आपापले तास कळवले, मी ते भरले, आणि आधी कळवलेली बेरीज चुकीची होती हे सांगून नवी पाठवली.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात प्रकल्पात एक नवी तक्रार आली. लिहिणाऱ्याने प्रोग्रॅमिंग येत नाही असं आधीच स्पष्ट केलं होतं. खाली त्याने टूलने छापलेली ओळ जशीच्या तशी चिकटवली होती: ओळ ११२, परतीची तारीख, ‘३१/०४’ ही तारीख नाही. मी त्याला लिहिलं, की एप्रिल तीस दिवसांचा असतो, पुस्तक बहुधा १ मेच्या जागी तसं नोंदलं गेलंय. दहा मिनिटांत त्याचं उत्तर आलं. त्याने फाइल दुरुस्त केली होती आणि टूल चाललं होतं.